सीताफळ, रामफळ, लक्ष्मणफळ, हनुमानफळ: नेमकं कोण कुठलं?

घरामागे थोडी मोकळी जागा आहे, तिथे सहा वर्षांपूर्वी मी सीताफळाचं कलम लावलं. पहिली दोन वर्षं झाड छान वाढलं, मग एका उन्हाळ्यात आम्ही महिनाभर बाहेर होतो, पाणी घालायला कुणी नव्हतं, आणि परत आलो तर झाडाची वाळून काडी झालेली. उपटून टाकणार होतो पण आळस आडवा आला, आणि बरं झालं आला, कारण जूनचे दोन पाऊस पडल्यावर बुडातून जोरात फुटवे आले. घरात सगळे खुश. पुढची तीन वर्षं मी त्या झाडाची सेवा केली, आळं, शेणखत, पिठ्या ढेकूण दिसला की कडुनिंबाचं तेल, सगळं. मग एकदा सासवडची आत्या आली, चपला काढायच्या आधीच तिचं झाडाकडे लक्ष गेलं आणि म्हणाली, "रामफळ कधी लावलंस रे?"

मी म्हटलं, "आत्या, सीताफळ आहे ते. कलम आणलं होतं चांगल्यातलं."

"असेल कलम. पण झाड रामफळाचं आहे. पानं बघ की."

झाडावर तेव्हा ना फळ होतं ना फूल. मी हसण्यावारी नेलं. पुढच्या वर्षी होळीच्या सुमारास फळं पिकली, गुळगुळीत, तांबूस, अंगावर एकही उंचवटा नाही. आत्याला फोटो पाठवला तर तिने नुसता हसणारा चेहरा पाठवला, जो फारच लागला मला.

आधी मी नर्सरीवाल्याला मनातल्या मनात भरपूर शिव्या घातल्या, पण त्याची चूक नव्हती. कलम म्हणजे खरं तर दोन झाडं असतात, खाली मुळांसकट एक आणि वर आपल्याला हवं ते दुसरं. खालच्याला खुंट म्हणतात. सीताफळाची कलमं कधी सीताफळाच्याच खुंटावर बांधतात, कधी रामफळाच्या. माझं वरचं सीताफळ उन्हाळ्यात मेलं, खालचा रामफळाचा खुंट जगला, आणि मी तीन वर्षं खुंटाचे लाड केले. कलमाच्या जोडाच्या खालून येणारी फूट काढून टाकायची असते हे तेव्हा मला माहीतच नव्हतं.

तर तेव्हापासून मी या अख्ख्या खानदानाच्या मागे लागलोय, आणि जे कळलं ते इथे सांगतोय. मी बॉटनी शिकलेला नाही, पण झाडाजवळ उभं राहून ओळखण्याइतपत जमायला लागलंय, आणि ते कुणालाही जमेल असं आहे.

सगळ्यात आधी नावं सोडून द्या. खरंच सांगतो, नावाच्या मागे लागलात तर आयुष्यात ही फळं ओळखता येणार नाहीत. सीताफळ आणि रामफळ ही दोन नावं महाराष्ट्रात तरी पक्की आहेत, पण लक्ष्मणफळ म्हटलं की कुणी ते मोठं काटेरी फळ दाखवतो तर कुणी भलतंच, आणि हनुमानफळ म्हटलं की कुणी तेच काटेरी फळ दाखवतो, कुणी मॉलमधलं महागडं हिरवं मोठं सीताफळासारखं दिसणारं काहीतरी. जुन्या मराठीत काटेरी फळाला मामफळ असं स्वतंत्र नाव आहे, मला ते आवडतं कारण त्यात घोळ नाही, म्हणून या लेखात मी तेच वापरणार. आणि महाराष्ट्राबाहेर गेलात तर अजून मजा. दिल्लीत भाजीवाल्याकडे मी सीताफल मागितलं तर त्याने लाल भोपळ्याची फोड हातात ठेवली, कारण तिकडे भोपळ्यालाच सीताफल म्हणतात आणि आपल्या सीताफळाला शरीफा.

इंग्रजीतही तोच गोंधळ आहे बरं का. कस्टर्ड ॲपल म्हणजे भारतात सीताफळ, वेस्ट इंडीजमध्ये रामफळ, आणि ऑस्ट्रेलियात तिसरंच. माझा एक मावसभाऊ ब्रिस्बेनला असतो, त्याने तिथे कस्टर्ड ॲपल आणलं आणि वैतागून फोन केला, "अरे हे सुटतच नाही, डोळे वेगळे होत नाहीत, सुरीने कापावं लागतंय!" त्याच्या हातात सीताफळ नव्हतंच, अटेमोया होतं, म्हणजे सीताफळाचं एक संकरित भावंड. त्याच्याकडे पुढे येतोच.

रामायणातली नावं असली तरी ही फळं मूळची अमेरिकेतली, म्हणजे मध्य आणि दक्षिण अमेरिका आणि कॅरिबियन बेटं. बहुतेक अभ्यासक मानतात की सोळाव्या शतकापासून पोर्तुगीज आणि स्पॅनिश लोकांच्या जहाजांबरोबर ही फळं आपल्याकडे आली. मध्य प्रदेशातल्या भरहूतच्या प्राचीन बौद्ध स्तूपावरच्या कोरीवकामात सीताफळ दिसतं असं पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमचं म्हणणं होतं आणि त्यावरून बरेच वाद झाले, पण कोरलेलं खवल्याखवल्यांचं फळ नक्की कशाचं हे दगडावरून कोण सांगणार. बंगालीत मात्र परदेशी नावं तशीच टिकली आहेत, सीताफळाला 'आता' आणि रामफळाला 'नोना'. 'आता' हे नाव मेक्सिकोतल्या जुन्या अहाते, आते या नावावरून आणि 'नोना' हे अनोना या परदेशी नावावरून. आपण मात्र पाहुण्यांना थेट अयोध्येत नेऊन बसवलं.

शास्त्रीय नावात या सगळ्यांचं आडनाव एकच, ॲनोना. आणि इथे एक गंमत आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या झाडांना जी नावं दिली ती सालीवरून दिली. सीताफळ ॲनोना स्क्वामोसा, म्हणजे खवल्यांचं. रामफळ ॲनोना रेटिक्युलाटा, म्हणजे जाळीचं. मामफळ ॲनोना म्युरिकाटा, म्हणजे काट्यांचं. खवले, जाळी, काटे. एवढं लक्षात ठेवलं की फळ समोर असताना चूक होणं कठीण.

पण खवले, जाळी आणि काटे हे वेगळे का, ते कळलं की सगळंच सोपं होतं, म्हणून जरा इथे थांबूया.

आंबा घ्या. एका फुलातल्या एका बीजकोषापासून एक आंबा. सीताफळाचं तसं नाही. सीताफळाच्या एका फुलात मध्यभागी पुष्कळ छोटे छोटे बीजकोष एकत्र दाटीवाटीने बसलेले असतात, आणि प्रत्येकाचं आपलं आपलं छोटं फळ होतं, ती सगळी मिळून एक सीताफळ. म्हणजे आपण ज्याला सीताफळाचा डोळा म्हणतो तो प्रत्येक डोळा एक स्वतंत्र फळ आहे, आतमध्ये त्याची एक पाकळी गर आणि एक बी (कधीकधी बी नसतंच). पुस्तकात याला घोसफळ म्हणतात. द्राक्षाचा घोस कुणीतरी दाबून त्याचा गोळा केला तर कसा दिसेल, तसंच काहीसं, फक्त इथे सगळे मणी एकाच फुलातले.

आता अख्ख्या खानदानात फरक एवढाच की हे मणी एकमेकांना किती चिकटलेत. सीताफळात ते जेमतेम चिकटलेले असतात, म्हणून प्रत्येक मणी बाहेरून फुगीर दिसतो, फळ पिकायला आलं की दोन डोळ्यांमधली भेग रुंदावते आणि फिकट पिवळी होते, शेतकरी म्हणतात डोळे उघडले, आणि पूर्ण पिकलं की हातात घेतल्या घेतल्या सुटतं. रामफळात तेच मणी पूर्ण एकजीव झालेले असतात, बाहेर साल गुळगुळीत आणि त्यावर पुसट पंचकोनी षटकोनी रेषांची जाळी, म्हणजे हद्दीच्या खुणा फक्त राहिल्यात, भिंती गेल्या. मामफळातही मणी एकजीव झालेत पण प्रत्येक मण्याचं टोक बाहेर राहिलंय, तेच ते मऊ, वाकडे काटे. म्हणजे काटा दिसला तरी घाबरायचं कारण नाही, गुलाबासारखा तो टोचत नाही, पिकल्यावर तर बोटाने मोडतो.

हे कळल्यावर मला एक जुनं कोडं सुटलं. काही सीताफळं एका बाजूने चपटी, वाकडी का असतात? तर प्रत्येक डोळ्याला स्वतंत्र परागीकरण लागतं. ज्या बाजूच्या बीजकोषांना पराग पोचला नाही ती बाजू फुगतच नाही. आणि पराग पोचणं या झाडांत अवघडच, कारण फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं, म्हणजे ज्या वेळी त्याला पराग घ्यायचा असतो त्या वेळी त्याचा स्वतःचा पराग तयार नसतो. फुलात मधमाश्या फारशा जात नाहीत, छोटे छोटे भुंगेरे जातात. म्हणून काही बागायतदार ब्रशने हाताने परागीकरण करतात, खूप मेहनतीचं काम आहे पण फळं गोल गरगरीत येतात.

आता आत्याची ट्रिक. फळ नसताना काय करायचं?

पान. आणि पान बघायचं म्हणजे लांबून नाही, एक तोडून हातात घ्यायचं, पालथं करायचं, चोळायचं, नाकाला लावायचं. मी तर आता कुणाच्याही बागेत गेलो की हेच करतो, लोक जरा विचित्र नजरेने बघतात.

सीताफळाचं पान लहान असतं, साधारण बोटभर ते वीतभराच्या आत, टोक बोथटसं, रंग जरा मळकट हिरवा आणि मागची बाजू फिकट. नवी फांदी सरळ जात नाही, पेरापेराला थोडी वळत नागमोडी जाते. आणि अजून एक खूण आहे जी मला फार आवडते: पान देठासकट हळूच तोडा आणि देठाचं बूड बघा, ते पोकळ टोपीसारखं असतं आणि टोपीच्या खाली पुढच्या फुटीचा डोळा लपलेला असतो. पान गळल्याशिवाय तो डोळा बाहेर येऊच शकत नाही. सीताफळाचा बहार धरताना पाण्याचा ताण देऊन आधी पानगळ करून का घेतात, त्याचं उत्तर या टोपीत आहे.

रामफळाचं पान लांबट आणि टोकदार, आंब्याच्या पानाची आठवण होईल असं, वीतभर सहज, आणि बाजूच्या शिरा ठळक, एकामागोमाग एक ओळीने आखल्यासारख्या. चोळलं की वास उग्र. आत्या लांबून ओळखते ती या लांब लोंबत्या पानांवरूनच. माझ्या झाडाला तीन वर्षं ही असली पानं होती आणि मला एकदाही वाटलं नाही की आपण लावलेल्या कलमाची पानं अशी नव्हती. माणूस जे बघायचं ठरवतो तेच बघतो.

मामफळाचं पान वेगळंच. गडद हिरवं, जाडसर, वरून पॉलिश केल्यासारखं चकचकीत, आणि झाड बारमाही हिरवं. पान पालथं करून मधल्या शिरेला बाजूच्या शिरा जिथे मिळतात तिथल्या कोपऱ्यात बारीक बघा, छोटे छोटे खिसे दिसतील. भिंग असेल तर उत्तम, नसेल तर मोबाईलचा कॅमेरा झूम करून चालतो. या खिशांत अगदी सूक्ष्म किडे, कोळी वगैरे मुक्काम करतात. सीताफळ ऐन उन्हाळ्याआधी बोडकं झालेलं असताना शेजारचं झाड चमचमतंय आणि काटेरी फळाची कुणी गोष्ट करतंय, तर ते मामफळ असणार.

फुलांचं सांगतो पण थोडक्यात, कारण सीता आणि राम यांची फुलं इतकी सारखी आहेत की मी अजूनही गोंधळतो. दोघांचीही हिरवट पिवळी, तीन लांब जाड पाकळ्यांची, शेंगेसारखी खाली लोंबणारी, आतल्या तीन पाकळ्या असून नसल्यासारख्या. रामफळाची फुलं झुबक्याने जास्त येतात एवढंच. मामफळाचं फूल मात्र ओळखू येतंच, मोठं, गुबगुबीत, कळी त्रिकोणी शंकूसारखी, आणि ती फक्त कोवळ्या फांदीवर येत नाही, जुन्या फांद्यांवर आणि थेट खोडावरही येते, फणसासारखी. तीन अधिक तीन पाकळ्यांचा हा नमुना कुठे पाहिलाय असं वाटलं तर हिरवा चाफा आठवा. हो, तो वासाचा हिरवा चाफा याच कुटुंबातला आहे, नावात चाफा असला तरी.

ऋतूनेही बरंच काम होतं. महाराष्ट्रात सीताफळ पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून दिवाळीपर्यंत, फार तर थोडं पुढे. रामफळ बरोबर उलट्या टोकाला, थंडी संपताना, होळी ते रामनवमीच्या आसपास, त्यामुळेच ते रामाचं झालं असं लोक सांगतात. म्हणजे मार्चमध्ये गाडीवर या कुटुंबातलं देशी फळ दिसलं तर ते बहुतेक रामच, ऑक्टोबरमध्ये ढीग लागलेत तर सीता. चवीलाही फरक आहे, सीताफळाचा गर रवाळ, गोड, प्रत्येक बी भोवती वेगळा. रामफळाचा एकसलग, मऊ, सालीजवळ जरा खरखरीत, वास कमी. लहानपणी मला रामफळ बिलकुल आवडायचं नाही, सीताफळाची आशा लावून दुसरंच दिल्यासारखं वाटायचं, आता मात्र आवडतं, त्यात एक संथपणा आहे. मामफळाचा गर पांढरा, दोरे दोरे असलेला, आंबट गोड, त्याचा ज्यूसच चांगला लागतो, चमच्याने खायला गेलात तर दात आणि संयम दोन्हींची परीक्षा. केरळात याला मुळ्ळात्त म्हणतात, मुळ्ळ म्हणजे काटा, म्हणजे काटेरी सीताफळ. नाव ठेवावं तर असं.

मामफळ म्हणून कधीकधी ॲनोना माँटाना नावाचा त्याचा जवळचा भाऊही खपवला जातो. लांबून सेम. पण त्याचं फळ जवळपास गोल असतं, काटे आखूड, आणि कापलं की गर पांढरा नाही तर पिवळट निघतो, चव सपक. रोप घेताना हे कळणं अवघड आहे, फळ देणारं मूळ झाड बघायला मिळालं तर बघून घ्या.

आता हनुमानफळाच्या नावाखाली जे काही विकलं जातं त्याकडे. मामफळ सोडलं तर यात खरी दोन फळं आहेत, चेरिमोया आणि अटेमोया. चेरिमोया हे आन्डिज पर्वतातलं, थंड हवेतलं झाड. त्याच्या पानाच्या मागे मखमली लव असते, आणि फळाच्या सालीवर ओल्या मातीवर अंगठा दाबत गेल्यासारखे ठसे दिसतात. स्पेनमध्ये ग्रनाडाच्या किनाऱ्यालगत त्याच्या मोठ्या बागा आहेत. आपल्या सपाटीवरच्या उन्हात ते नीट फळत नाही, त्यामुळे पुण्या-सोलापुराकडे कुणी अस्सल चेरिमोयाचं रोप म्हणून विकत असेल तर दोनदा विचार करा.

म्हणूनच तर अटेमोया जन्माला आलं. चेरिमोयाची चव आणि सीताफळाचा काटकपणा एकत्र आणायचा म्हणून १९०८ साली अमेरिकेत मायामीजवळ वेस्टर नावाच्या फलोद्यानतज्ज्ञाने दोघांचा संकर केला. नावही जोडूनच, आते आणि मोया. सीताफळ आणि अटेमोया शेजारी ठेवलं तर फरक लगेच कळतो: अटेमोयाला उंचवटे असतात पण मधल्या भेगा उथळ, डोळे सुटे होत नाहीत, गर सलग, बिया कमी, आणि पान सीताफळापेक्षा मोठं, रुंद. माझ्या मावसभावाला सुरी का लागली ते आता कळलं असेल. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचं अर्का सहान हे वाण याच वळणाचं, अटेमोया आणि सीताफळ यांच्या संकरातून काढलेलं, भरपूर गोड आणि कमी बियांचं.

इथे एक मोठा गैरसमज दूर करायला हवा, कारण मराठीत जात हा शब्द आपण दोन वेगळ्या अर्थांनी वापरतो. सीताफळ आणि रामफळ या दोन जाती आहेत म्हणतो आणि बालानगर आणि धारूर ६ यांनाही जातीच म्हणतो. पहिला फरक म्हशी आणि गाईतला आहे, दुसरा खिलार आणि गीरमधला. दुसऱ्यासाठी वाण हा शब्द वापरला तर डोक्यातला गुंता कमी होतो. बालानगर, धारूर ६, फुले पुरंदर, आणि बार्शीजवळच्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी निवडून काढलेलं एनएमके १ गोल्डन, ही सगळी सीताफळाचीच वाणं, सगळी ॲनोना स्क्वामोसा. गोल्डनचा रंग पिकताना सोनेरी होतो आणि फळ मोठं असतं म्हणून कुणी कुणी त्याला हनुमानफळ समजतात, पण ते शंभर टक्के सीताफळ आहे. तसंच लाल सीताफळ. वांगी रंगाची साल बघून लोक त्याला हमखास रामफळ म्हणतात. रंगावर जाऊच नका. डोळे फुगीर आहेत ना, मग सीता.

आणि बीडचं सीताफळ ज्याला जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, ते बालाघाटच्या डोंगरातलं, तेही सीताफळच. डोंगरावर इतकं सीताफळ आपोआप कसं वाढतं असं मला नेहमी वाटायचं. एक कारण म्हणजे शेळ्या त्याच्या पानाला तोंड लावत नाहीत. ज्या डोंगरावर शेळीने सगळं संपवलं तिथे सीताफळ उरतं.

शेळी का खात नाही, यावरून एक गंभीर गोष्ट. या कुटुंबातल्या पानांत आणि बियांत विषारी रसायनं असतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी डोक्याला लावायची पद्धत गावाकडे होती, काही घरात अजून आहे, ती कृपा करून करू नका, पूड डोळ्यात गेली की डोळ्याच्या बुबुळाला गंभीर इजा होते, अशा केसेस डॉक्टरांनी नोंदवलेल्या आहेत. बी चुकून अख्खी गिळली गेली तर ती तशीच बाहेर पडते, पण चावू नका आणि मिक्सरला रबडी करताना एकही बी आत राहू देऊ नका.

आणि दुसरं म्हणजे पानांचा चहा. लक्ष्मणफळ किंवा हनुमानफळाच्या पानांनी कॅन्सर बरा होतो म्हणून वाळवलेल्या पानांची पाकिटं विकली जातात, नातेवाइकांच्या मेसेजमधून फिरतात. यातलं फळ म्हणजे मामफळ. प्रयोगशाळेत पेशींवर काही प्रयोग झालेत हे खरं, पण माणसाचा कॅन्सर त्याने बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. उलट कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावर वेगळ्याच प्रकारच्या, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या पार्किन्सनसारख्या आजाराचे रुग्ण जास्त दिसले आणि १९९९ मध्ये संशोधकांनी त्याचा संबंध मामफळ आणि त्याच्या पानांच्या काढ्याशी असू शकतो असं मांडलं, त्यातल्या ॲनोनासिन नावाच्या रसायनावर संशय आहे. अधूनमधून फळ खाणं वेगळं आणि रोज काढा पिणं वेगळं. आणि त्या पाकिटात मामफळाची पानं आहेत की रामफळाची की अजून कशाची, हे वाळवून चुरा केल्यावर आत्यालासुद्धा सांगता येणार नाही.

रोप विकत घेताना मी आता काय करतो ते सांगतो. लेबल वाचतो पण विश्वास पानावर ठेवतो. पिशवीतल्या रोपाच्या खोडावर कलमाचा जोड शोधतो, जोडाच्या वरचं पान आणि खालून आलेलं पान असेल तर तेही बघतो. दोन्ही वेगळी असतील तर खुंट वेगळ्या झाडाचा आहे आणि खालची फूट आयुष्यभर काढत राहावी लागणार हे समजून घेतो. जोडाला तेलाच्या रंगाचा एक ठिपका लावून ठेवतो, म्हणजे दोन वर्षांनी खोड जाड झाल्यावरही कळतं की याच्या खालचं आपलं नाही.

माझं रामफळ मी ठेवलंय. आत्या म्हणाली की तोडू नको, पुण्यात चांगलं रामफळ मिळतं कुठे. मागच्या पावसाळ्यात ओळखीच्या एका माणसाकडून त्याच्याच एका फांदीवर सीताफळाचं कलम बांधून घेतलं, दोन बांधली त्यातलं एक जगलं. आता एका झाडावर एका बाजूला लांब टोकदार पानं आणि एका कोपऱ्यात लहान बोथट पानांची छोटी फांदी, ओळखायला शिकवायचं असेल तर इतकं सोयीचं झाड नाही. शेजारच्यांची मुलगी सहावीत आहे, तिला दोन्हीकडची एकेक पानं तोडून दिली आणि विचारलं कुठलं कशाचं. तिने चोळली, वास घेतला, नाक मुरडलं आणि म्हणाली, "काका, दोन्ही घाण येतात."